हरकती आणि सूचना : जुन्नर-आंबेगावची सत्तर वर्षं

फेब्रुवारी १९५४ मध्ये दिल्लीहून एक प्रसिद्धीपत्रक निघालं. देशातल्या राज्यांची नव्याने आखणी करायची आहे, ज्या कुणाला त्याबद्दल काही म्हणायचं असेल त्याने दोनेक महिन्यांत लेखी कळवावं, असा त्याचा आशय. लोकांनी कळवलं. राज्य पुनर्रचना आयोगाकडे १,५२,२५० कागद जमा झाले. आयोगाने ते इमानदारीने मोजले, आणि त्यातली विचारपूर्वक केलेली निवेदनं जेमतेम दोन हजार, असंही अहवालात नोंदवून ठेवलं. बाकीचे सगळे नुसते ठराव आणि मागण्या. ज्याला अर्थशास्त्र आणि घटना घालून चार पानं लिहिता येत नव्हती त्याचं म्हणणं पहिल्याच चाळणीत बाजूला पडलं.

आयोगावर तीन माणसं होती. अध्यक्ष न्यायमूर्ती फाजल अली, सदस्य हृदयनाथ कुंझरू आणि सरदार के. एम. पणिक्कर. तिघंही हिंडण्यात कमी पडले नाहीत. १०४ ठिकाणं, ३८ हजार मैलांहून जास्त प्रवास आणि नऊ हजारांवर माणसांच्या मुलाखती. स्वतंत्र भारतात एवढ्या मोठ्या प्रमाणावर ‘तुम्हाला काय वाटतं’ असं कुणी विचारायला निघाल्याचं ते पहिलंच उदाहरण. त्याआधी १९४८ मध्ये दार आयोगाने असाच प्रश्न घेऊन थोडा दौरा केला होता, पण त्याचं उत्तर दौऱ्याआधीच ठरल्यासारखं होतं: भाषावार प्रांत नकोत.

या सगळ्यात जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके कुठे बसतात? वरवर पाहिलं तर कुठेच नाहीत. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव, विदर्भ, मराठवाडा असे वादाचे प्रदेश आयोगाच्या नकाशावर होते. घोड, कुकडी आणि मीना या नद्यांचं खोरं कुठल्याच वादात नव्हतं. मराठी राज्य झालं तरी हे तालुके त्यात, न झालं तरी मुंबई राज्यात. सीमेवरच्या माणसाला ‘तू कुणाचा’ असं निदान विचारतात तरी. मधल्याला कोण विचारतो!

पण वाद मुंबईचा होता, आणि मुंबई इथे घराघरांत होती. मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगाव या पट्ट्यातला एक मुलगा गावी शेतीवर आणि दुसरा मुंबईला, ही कित्येक घरांची जुनी वाटणी. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी भाजीच्या बाजारात पाटी उचलायला, कुणी डबे पोचवायला. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातले. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर औताचा बैल येई, बहिणीचं लग्न उरके. नाणेघाटातून कल्याणकडे माल उतरवण्याची वाट तर सातवाहनांच्या काळापासूनची; घाटमाथ्यावर तो दगडी रांजण अजून उभा आहे, जकातीचा रांजण म्हणून ओळखला जाणारा. मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवायची की काय, हा प्रश्न इथे नकाशावरचा नव्हता.

आयोगापुढे मराठी बाजू मांडली ती मुख्यतः संयुक्त महाराष्ट्र परिषदेने. अध्यक्ष शंकरराव देव. परिषदेच्या निवेदनाच्या मांडणीत मोठा वाटा होता पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा. (या गोष्टीत गाडगीळ तीन आहेत. हे पहिले. दुसरे काँग्रेसचे काकासाहेब. तिसरे पुढे येतील, आणि ते या पहिल्यांचे चिरंजीव.) मुंबईचा वीजपुरवठा, पाणी, कामगार आणि बाजारपेठ यांची नाळ सह्याद्रीच्या अलीकडच्या मुलुखाशी कशी जोडलेली आहे, हा त्या बाजूचा मुख्य मुद्दा. विरुद्ध बाजूने मुंबईतल्या उद्योगपतींची नागरिक समिती उभी होती. शहर बहुभाषिक आहे, भांडवल आमचं आहे, शहर वेगळं ठेवा, असं तिचं म्हणणं. दोन्ही निवेदनं त्या दोन हजारांतली. मनिऑर्डर पाठवणाऱ्याचं आणि ती घेणाऱ्याचं म्हणणं ठरावांच्या गठ्ठ्यात.

३० सप्टेंबर १९५५ रोजी आयोगाने अहवाल दिला. आंध्र, केरळ, कर्नाटक यांना भाषेचं राज्य मिळालं. मराठी आणि गुजराती भाषकांना मात्र एकत्र मुंबई राज्य. त्यात मराठवाडा घातला आणि विदर्भाचं स्वतंत्र राज्य सुचवलं. म्हणजे तत्त्व सगळ्यांना एक आणि मराठी माणसाला वेगळं, अशी भावना झाली. ती चुकीची होती असं आज अहवाल वाचूनही म्हणवत नाही. आयोगाचा तर्क सरळ होता: मुंबई कुणा एकाला दिली तर दुसरा दुखावतो, म्हणून दोघांनाही एका घरात ठेवा.

पुढच्या दहा महिन्यांत दिल्लीने तीन वेगवेगळी उत्तरं दिली. आधी आयोगाचं द्विभाषिक. मग नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचं त्रिराज्य सूत्र: महाराष्ट्र, गुजरात आणि वेगळी मुंबई. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित राहील. शहर पेटलं. पुन्हा गोळीबार, कितीतरी मृत्यू. आंदोलनाच्या हुतात्म्यांची यादी पुढे शंभराच्या वर गेली. केंद्रात अर्थमंत्री असलेले चिंतामणराव देशमुख राजीनामा देऊन बाहेर पडले आणि लोकसभेत त्यांनी सांगितलं की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळालाही न विचारता झाला. नेहरूंनी ते मान्य केलं नाही. पण दीड लाख कागद मागवून, नऊ हजार माणसं ऐकून झाल्यावर शेवटचा निर्णय किती जणांच्या विचाराने झाला, यावर देशाच्या अर्थमंत्र्यानेच प्रश्नचिन्ह लावलं होतं.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्युल्ड कास्ट फेडरेशन. एरवी एका सतरंजीवर न बसणारी माणसं. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांच्या सभा झाल्या, अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचे कलापथकाचे कार्यक्रम झाले. तमाशा आणि शाहिरी ऐकायची सवय असलेल्या नारायणगावकडच्या माणसाला निवेदनापेक्षा ही भाषा कितीतरी जवळची.

ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने पुन्हा दिशा बदलली. त्रिराज्याचं विधेयक एप्रिलमध्ये मांडलं होतं, ते राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे मुंबई विधिमंडळाकडे मतासाठी पाठवलंही होतं. पण संमत होताना त्यातली तीन राज्यं गेली आणि विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ सगळं घालून एक महाद्विभाषिक निघालं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते अस्तित्वात आलं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. या मुद्द्यावर बाबुलाल पराते नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की ज्या मसुद्यावर आमच्या विधिमंडळाचं मत घेतलं तो वेगळा, आणि कायदा झाला तो वेगळा. मग विचारलं कशाला? २८ ऑगस्ट १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. विधेयक एकदा राज्याकडे पाठवलं की घटनेची अट पुरी झाली. नंतर संसदेने त्यात केलेली दुरुस्ती पुन्हा पाठवण्याची गरज नाही, आणि राज्याने दिलेलं मत संसदेवर बंधनकारकही नाही. आजही कायदा हाच आहे. तेलंगणाच्या वेळी आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, राज्य तरीही झालं, ते याच आधाराने.

म्हणजे कागदावर दिलेलं मत मोजलं गेलं आणि विधिमंडळाने दिलेलं मत ऐकून सोडून दिलं गेलं. राहिली मतपेटी.

१९५७ ची सार्वत्रिक निवडणूक मुंबई राज्याच्या मराठी भागात खासदार-आमदार निवडण्यासाठी झालीच नाही म्हटलं तरी चालेल. द्विभाषिक हवं की नको, एवढाच प्रश्न होता. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. पुण्यात ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांना पाडलं. खरं तर काकासाहेब स्वतः मुंबईसाठी संसदेत भांडलेले, पण चिन्ह काँग्रेसचं. मतदाराने माणूस पाहिला नाही, प्रश्नाचं उत्तर दिलं.

आणि जुन्नर-आंबेगाव ज्यात होते त्या खेड मतदारसंघातून लोकसभेवर गेले शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके. या निकालापाशी जरा थांबायला हवं. डॉ. आंबेडकरांना जाऊन तीनच महिने झाले होते. त्यांनी स्वतः १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात एकसंध महाराष्ट्राऐवजी मराठी भाषकांची चार राज्यं सुचवली होती, त्यात मुंबई शहराचं एक वेगळं. मोठ्या राज्यात एकाच जातीचं वर्चस्व होईल आणि लहान जातींना आवाज उरणार नाही, ही त्यांची भीती. तरी त्यांचा पक्ष समितीत आला, आणि मराठा-कुणबी, माळी, कोळी वस्तीच्या या मुलुखातून त्याचा माणूस दिल्लीला गेला. जातीचं गणित त्या एका निवडणुकीत खरोखरच मागे पडलं. पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा जागेवर आलं.

द्विभाषिकाचं सरकार टिकलं ते विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांच्या आमदारांवर. पण मुख्यमंत्र्याच्या स्वतःच्या मुलुखातच पक्ष उघडा पडला होता. त्यात ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा समितीने काळी निशाणं घेऊन घाटाच्या वाटेवर माणसं उभी केली. यशवंतरावांनी ते सारं पाहिलं आणि दिल्लीला समजेल अशा शब्दांत सांगितलं असणार. १९५९ अखेर काँग्रेसने द्विभाषिक मोडायचं ठरवलं. यावेळी मुंबई पुनर्रचना विधेयक विधिमंडळाकडे गेलं, चर्चा झाली, आणि जे विचारलं तेच जवळपास संमत झालं. डांग आणि उंबरगावची काही गावं गुजरातेत गेली, बेळगाव-कारवार राहिलं ते राहिलंच.

एप्रिल १९६० च्या शेवटच्या आठवड्यात, शिवजयंतीच्या दिवशी, नव्या राज्याच्या सोहळ्याची सुरुवात यशवंतरावांनी शिवनेरीवरून केली. मुंबईच्या राजभवनावरचा मध्यरात्रीचा मुख्य समारंभ थोड्याच दिवसांवर होता, तिथे नेहरू येणार होते. जुन्नरकरांच्या वाट्याला आधी आला तो गडावरचा सोहळा. जागेची निवड राजकारण्याची होती. काँग्रेसला तीन वर्षांपूर्वी झिडकारलेल्या मुलुखात, समितीने आपलं केलेल्या महाराजांच्या जन्मस्थानी, काँग्रेसचा मुख्यमंत्री राज्याचा मंगलकलश घेऊन उभा होता.

डाव साधला. १९६२ मध्ये खेडमधून लोकसभेवर गेले ते र. के. खाडिलकर, काँग्रेसच्या तिकिटावर. हेच खाडिलकर १९५७ मध्ये अहमदनगरमधून मजदूर किसान पक्षातर्फे काँग्रेसविरुद्ध जिंकले होते. पाच वर्षांत प्रश्न सुटला, समिती विरली, माणसं घरी परतली. १९६७ मध्ये ते पुन्हा खेडमधूनच निवडून आले आणि लोकसभेचे उपाध्यक्ष झाले.

मराठी माणसाला ‘दिल्लीशी तुमचं नातं काय असावं’ हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर छापून एकदाच मिळाला, तो महाराष्ट्राबाहेर. १६ जानेवारी १९६७, गोवा. नेहरूंच्या आकाशवाणीवरच्या घोषणेला त्या दिवशी बरोबर अकरा वर्षं झाली होती, योगायोगच म्हणायचा. संसदेने खास कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. इकडे अनेकांना तो धक्का बसला. आम्ही बोलावतो आहोत आणि हे येत नाहीत! गोवेकरांनी दोन-तीन महिन्यांत झालेल्या निवडणुकीत पुन्हा बांदोडकरांनाच सत्तेवर बसवलं, यातली खोच मात्र इकडे फारशी कुणी लक्षात घेतली नाही. नेता हवा, पण त्याचं विलीनीकरण नको, असं मतदार शांतपणे सांगू शकतो, जर प्रश्न वेगवेगळे विचारले तर. १९५७ मध्ये आपल्याला ती सोय नव्हती. काकासाहेब पडले ते त्यामुळे.

इथवरची गोष्ट महाराष्ट्राच्या शाळेत शिकवतात. पुढची शिकवत नाहीत.

जुन्नर आणि आंबेगावचे दोन भाग आहेत. पूर्वेला ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं, धरणांचं पाणी. पश्चिमेला घाटमाथा: आहुपे, पिंपरगणे, तिरपाड, माळीण, इंगळूण, हातवीज, घाटघर. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती, भाताची खाचरं, नाचणी-वरई, आणि हंगामात हिरडा गोळा करून विकणं. कुकडी प्रकल्पाची धरणं बांधली पश्चिमेच्या खोऱ्यांत आणि पाणी गेलं पूर्वेला. डिंभे धरणात तर ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगावच बुडालं. तालुक्याची कचेरी आधीपासूनच घोडेगावला, म्हणून नाव टिकलं.

१९८५ हे या पश्चिमेसाठी मोठं वर्ष. त्या वर्षी भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं. आणि २ डिसेंबर १९८५ रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला, ज्याने महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रांची यादी नव्याने केली. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागातली गावं त्यात आली. घटनेच्या पाचव्या अनुसूचीत अशा क्षेत्राचं दिल्लीशी नातं बाकी राज्यापेक्षा वेगळं आहे. राज्यपालाने त्याबद्दल राष्ट्रपतींना दरवर्षी अहवाल द्यायचा असतो. राज्याचा एखादा कायदा तिथे लागू करायचा नाही किंवा बदलून लावायचा, हे राज्यपाल ठरवू शकतो. तिथल्या कारभाराबाबत केंद्र राज्याला निर्देश देऊ शकतं. म्हणजे एका गावचा माणूस सकाळी उठला तो पुणे जिल्ह्यातला साधा रहिवासी होता, रात्री झोपला तेव्हा त्याच्या आणि राष्ट्रपतींच्या मधे एक थेट घटनात्मक धागा आला होता. असं क्षेत्र वाढवण्याआधी राष्ट्रपतींनी कुणाशी विचारविनिमय करायचा? घटना सांगते, राज्यपालांशी. गावाशी करायची अट नाही. आदेश गावाच्या भल्याचा होता, त्याबद्दल वाद नाही. घोडेगावचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आज याच मुलुखाचं काम पाहतं.

गावाला विचारण्याची अट आली ती २४ डिसेंबर १९९६ च्या पेसा कायद्याने. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय, गौण वनोपजावर मालकी, गौण खनिजाच्या परवान्याआधी शिफारस. कायदा केंद्राचा, नियम राज्यांनी करायचे. दिल्ली आपल्याला विचारत नाही म्हणून शंभरावर माणसं गमावून जन्मलेल्या महाराष्ट्राने आपल्याच डोंगरातल्या गावांना विचारण्याचे नियम केले ४ मार्च २०१४ रोजी. सतरा वर्षांनी. इतर काही राज्यांनी त्याहून उशीर केला, हे समाधान ज्याला हवं त्याने घ्यावं.

त्या ४ मार्चनंतर सहाच दिवसांनी, १० मार्च २०१४ ला, दिल्लीहून दुसरा कागद आला. इथे ते तिसरे गाडगीळ येतात. पश्चिम घाटाचा अभ्यास करायला केंद्राने २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. वडिलांनी मुंबई आणि सह्याद्रीचा आर्थिक संबंध आयोगापुढे मांडला, मुलाने सह्याद्रीचं रान आणि पाणी मोजलं. ऑगस्ट २०११ च्या अहवालात घाटाचे संवेदनशीलतेप्रमाणे भाग पाडले होते, आणि सोबत असंही म्हटलं होतं की हे शेवटचं नाही. स्थानिक भाषेत ग्रामसभांपुढे ठेवा, चर्चा होऊ द्या, मग ठरवा. लोकांना विचारा म्हणणारा हा अहवाल लोकांना दाखवायलाच पर्यावरण मंत्रालय तयार नव्हतं. केरळातल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात मागितला, केंद्रीय माहिती आयोगाने द्या म्हटलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, आणि मे २०१२ मध्ये अहवाल उघडा झाला.

मग डॉ. कस्तुरीरंगन यांचा कार्यगट नेमला गेला. त्याने क्षेत्र कमी केलं, उपग्रहाच्या चित्रांवरून गावांची यादी केली, आणि त्या यादीवरून १० मार्चचा मसुदा निघाला. सहा राज्यांत मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. यादीत जुन्नर आणि आंबेगावचीही गावं. खाणी, दगडाच्या क्वारी, वाळूउपसा, औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग, मोठ्या वसाहती यांना बंदी. हरकती व सूचना साठ दिवसांत पाठवाव्यात.

साठ दिवस म्हणजे १९५४ च्या प्रसिद्धीपत्रकाइतकीच मुदत. भारताचं राजपत्र निघतं हिंदीत आणि इंग्रजीत. ऐन उन्हाळ्यात, हिरड्याच्या दिवसांच्या आसपास, त्यात लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम. गावात जे पोचलं ते राजपत्र नव्हतं, तोंडी बातमी होती: आता घराला पत्रा टाकता येणार नाही, नांगर धरता येणार नाही, अभयारण्यात झालं तेच पुन्हा. मसुद्यात शेती आणि राहत्या घराच्या दुरुस्तीवर बंदी नव्हती. पण भीमाशंकर अभयारण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला सरकारी कागदावर विश्वास ठेव म्हणणं सोपं नाही. कार्यगटाने तर अशा क्षेत्रातल्या प्रकल्पांना ग्रामसभेची आधी संमती हवी असंही सुचवलं होतं. खाणवाल्याला जी गोष्ट नको असते, नेमकी तीच. ती कुणी मोठ्याने वाचून दाखवली नाही.

हरकती मात्र नुसत्या गावांनीच नाही, राज्यांनीही पाठवल्या. बहुतेक राज्य सरकारांनी क्षेत्र कमी करा, गावं वगळा अशी मागणी लावून धरली. महाराष्ट्राचाही सूर तोच. राज्याने केंद्राला ऐकवायचं ते गावांच्या नावाने, गावांना मात्र अहवाल मराठीत वाचून दाखवायचा नाही, असा तो प्रकार होता. १९५६ मध्ये आपलं विधिमंडळ ज्या जागी होतं त्या जागी आता ग्रामसभा उभी आहे, आणि तेव्हाच्या दिल्लीच्या जागी मुंबईचं मंत्रालय.

साठ दिवसांची मुदत मे महिन्यात संपली. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, अतिवृष्टीत, आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून जास्त माणसं गेली. पाऊस, उताराची माती, खाचरांसाठी केलेलं सपाटीकरण यांची कारणमीमांसा बरीच झाली, वाद अजूनही आहेत. माळीणचा दोष कुठल्या मसुद्यावर टाकता येत नाही. एवढं मात्र खरं की डोंगराचं काय करायचं हा प्रश्न त्या वर्षी दिल्लीत, मुंबईत आणि पुण्यात चर्चेला होता, आणि डोंगराच्या पोटाशी राहणाऱ्यांकडे तो पोचला तो अफवेच्या रूपात.

मसुदा मुदतीत अंतिम झाला नाही. ४ सप्टेंबर २०१५ ला दुसरा निघाला. २७ फेब्रुवारी २०१७ ला तिसरा. ३ ऑक्टोबर २०१८ ला चौथा. ६ जुलै २०२२ ला पाचवा, त्याच्या आधी राज्यांशी बोलणी करायला आणखी एक समिती. प्रत्येक वेळी हरकती व सूचना, प्रत्येक वेळी साठ दिवस. ३० जुलै २०२४ रोजी, माळीणला दहा वर्षं झाली त्याच तारखेला, केरळात वायनाडच्या डोंगरात दरडी कोसळून शेकडो माणसं गाडली गेली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैच्या तारखेने, सहावा मसुदा निघाला. हरकती साठ दिवसांत, पत्ता केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, इंदिरा पर्यावरण भवन, जोर बाग रोड, नवी दिल्ली.